गोबर गॅसच्या शेगडीतील दोष व त्यांवरील उपाय

गोठ्यात चार-पाच जनावरे आहेत, अंगणात गोबर गॅसचे संयंत्र बांधलेले आहे, आणि तरीही स्वयंपाक धुराच्या चुलीवरच चालला आहे, असे दृश्य काही घरांत दिसते. चौकशी केली असता, "गॅस नीट जळत नाही" एवढेच उत्तर मिळते. वस्तुतः अशा वेळी पुष्कळदा संयंत्र निर्दोष असते. दोष असतो तो नळीत किंवा शेगडीत, आणि तो घरच्या घरी दूर करता येतो. मात्र तपासणी क्रमाने झाली पाहिजे.

गॅस आहे की नाही?

तरंगत्या टाकीच्या संयंत्रात टाकी वर उचललेली असेल, तर गॅस आहे असे समजावे. 1984 मध्ये पुढे आलेल्या दीनबंधू संयंत्रास पक्का घुमट असतो. घुमटात साठलेला गॅस शेणकाल्यास खाली दाबतो व बाहेरच्या कुंडीतील शेणकाल्याची पातळी चढते. म्हणून तेथे ही पातळी पाहावी. टाकी वर आहे किंवा पातळी चढलेली आहे, आणि तरीही ज्योत मंद आहे, तर दोष नळीत वा शेगडीत आहे. घुमटाच्या संयंत्रात गॅस वापरला जाईल तसा दाब उतरतो व ज्योत लहान होत जाते; हा दोष नव्हे.

ज्योत फडफडणे

संयंत्रातून येणारा गॅस दमट असतो. नळीत तो थंड झाला म्हणजे त्यातील वाफेचे पाणी होते व सखल भागी साचते. मग ज्योत फडफडते, मधूनमधून विझते. नळीच्या सर्वांत सखल जागी पाणी काढण्याची तोटी असावी व ती नियमाने उघडून पाणी काढावे. त्या वेळी जवळ विस्तव असू नये. नळीस दर मीटरला सुमारे 1 सेंटीमीटर उतार तोटीकडे किंवा संयंत्राकडे द्यावा.

ज्योतीचा रंग व आकार

चांगली ज्योत निळी व स्थिर असते. ज्योत लांब, पिवळी होऊन भांडी काळी पडत असतील, तर हवा कमी पडत आहे. बर्नरची छिद्रे तारेने व ब्रशने साफ करावीत आणि हवेची झडप थोडी उघडावी. ज्योत बर्नरपासून सुटून वर उचलली जात असेल, तर हवा किंवा दाब अधिक आहे. झडप थोडी मिटावी व चावी कमी करावी. ज्योत आत शिरून जेटजवळ जळू लागल्यास चावी त्वरित बंद करावी, बर्नर थंड होऊ द्यावा व हवा कमी करून पुन्हा पेटवावा.

गॅस भरपूर, पण आच मंद

जेटमध्ये कचरा किंवा गंज अडकला असण्याचा संभव असतो. जेट काढून स्वच्छ करावा, परंतु त्याचे छिद्र मोठे करू नये. सिलिंडरच्या गॅसची शेगडी जशीच्या तशी जोडली असल्यासही आच मिळत नाही. गोबर गॅसमध्ये मिथेनबरोबर कार्बन डायऑक्साइडही पुष्कळ असतो. त्यामुळे त्याची उष्णता कमी व त्यास लागणारे छिद्र मोठे असते. भारतीय मानक 8749 प्रमाणे बनविलेली बायोगॅस शेगडीच घ्यावी.

नव्या संयंत्रातील पहिला गॅस पेटत नाही. त्यात हवा मिसळलेली असल्याने तो धोक्याचाही असतो. तो उघड्यावर, विस्तवापासून दूर सोडून द्यावा.

गळती

सडक्या अंड्यासारखा वास आल्यास मुख्य चावी बंद करावी, दारे-खिडक्या उघडाव्यात, विस्तव विझवावा व विजेचे बटण दाबू नये. सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे येतील तेथे गळती आहे. काडी पेटवून गळती कधीही शोधू नये.

टाकी बसलेलीच असेल तर

गळती नाही याची खात्री झाल्यावरच संयंत्राकडे वळावे. 2 घनमीटरच्या संयंत्रास रोज सुमारे 50 किलो ताजे शेण व तेवढेच पाणी लागते. एक किलो शेणापासून सुमारे 40 लिटर गॅस मिळतो. शेण निम्मे पडल्यास गॅसही त्या मानाने घटतो. थंडीत गॅस कमीच होतो. फिनेल किंवा साबण मिसळलेले गोठ्याचे पाणी संयंत्रात जाऊ देऊ नये. त्याने गॅस निर्माण करणारे जंतू मरतात. दुरुस्तीसाठी कोणीही संयंत्राच्या आत उतरू नये. आतील वायूने माणूस क्षणात गुदमरतो. ते काम जाणत्या कारागिराकडेच सोपवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी भेटीच्या वेळी नुसते संयंत्र पाहून परत फिरू नये. स्वयंपाकघरात जाऊन ज्योत पाहावी व तोटी उघडणे, बर्नर साफ करणे आणि झडप लावणे ही तीन कामे घरातील स्त्रियांच्या हातून करवून घ्यावीत. एवढ्याने अनेक घरांतील चुलीचा धूर थांबेल.