अंगणवाडीचा आठ रुपयांचा हिशेब

पार्कसाइट असो, सूर्यनगर असो की टागोरनगर, गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. पोराला अंगणवाडीत घालायचं, की उसनंपासनं करून नर्सरीची फी भरायची? म्हणून आज आम्ही अंगणवाडीच्या पैशाबद्दल बोलणार आहोत.

अंगणवाडी आपल्याच मातीतली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. सरकारची एकात्मिक बाल विकास योजना आली ती 2 ऑक्टोबर 1975 ला.

आता खर्च. आहाराचे पैसे केंद्र आणि राज्य निम्मे-निम्मे देतात. मुलामागे दिवसाला आठ रुपये, हा दर 2017 मध्ये ठरला. त्यात तेव्हा 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं बसवायची होती. पंचवीस मुलांचे झाले दोनशे रुपये. डाळ, तेल, भाजी धरून दोनशेत पंचवीस पोटं भरायची, हे ज्यांच्या घरात चूल पेटते त्यांना वेगळं सांगायला नको! 2025 च्या अर्थसंकल्पात दर वाढवण्याचं जाहीर झालं. आपल्या अंगणवाडीत आज कोणता दर लागू आहे, ते सेविकाताईंना विचारा.

त्यांच्या मानधनात केंद्राचा हिशेब 2018 पासून 4500 रुपयांचा, वर राज्य भर घालतं. मानधन म्हणतात, पगार नाही. डिसेंबर 2023 मध्ये राज्यभरातल्या सेविका-मदतनीस यासाठीच संपावर गेल्या होत्या. वजनं, लसीकरण, मोबाईलवरच्या नोंदी, सर्वे, सगळं त्यांच्याकडेच. शिवाय 2023 च्या 'पोषण भी पढाई भी' कार्यक्रमात रोज किमान दोन तास शिकवायचं आहे. आमच्या मते खरी अडचण इथेच आहे. गाणी, गोष्टी, मणी ओवणं, मातीकाम यातूनच लहान मूल शिकतं, पण नोंदी उरकून वेळ उरला तर ना! नर्सरीत पाटीवर एबीसीडी गिरवलेली दिसते, म्हणून आपण फी भरतो.

वस्तीत अंगणवाडीच नसेल तर? सर्वोच्च न्यायालयाचा 13 डिसेंबर 2006 चा आदेश आहे. सहा वर्षांखालची किमान 40 मुलं असतील आणि अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती द्यायची. गावाला आणि झोपडपट्टीलाही हे लागू आहे. त्याआधी 2004 मध्ये न्यायालयाने आहाराचं काम ठेकेदारांना न देता बचत गट, महिला मंडळांना द्यायला सांगितलं होतं, तेही लक्षात असू द्या.

मागणी तोंडी करू नका. गल्लीवार मुलांची नावं आणि जन्मतारखा लिहा, पालकांच्या सह्या घ्या, अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. तीन महिने त्या तारखेपासून मोजायचे आहेत.