पैशापैशातून पेटलेली तळेगावची भट्टी

एका रुपयाचे तेव्हा चौसष्ट पैसे होत. वर्षाकाठी माणशी एकच पैसा मागायचा, तोही गरीब-श्रीमंत असा भेद न करता, आणि त्यातून देशी उद्योग उभारायचे, हा अंताजी दामोदर काळे यांचा ध्यास होता. चौसष्ट माणसं गाठल्यावर एक रुपया! लोकमान्य टिळकांनी या पैसा फंडाच्या पाठीशी आपलं वजन उभं केलं आणि १९०८ मध्ये मावळातल्या तळेगाव दाभाड्याला फंडाचा काच कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले. भट्टी मात्र पेटली होती.

काचच का? त्या काळी घरोघरी रात्र कंदिलाच्या उजेडात सरे, आणि कंदिलाच्या काचा, बाटल्या, पेले यांतलं बरंचसं परदेशातून येई. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्याच्या घरातला दिवासुद्धा परदेशी काचेआड जळत होता. शिवाय तळेगाव मुंबई-पुणे रेल्वेवर होतं. कोळसा आणायला आणि नाजूक माल पाठवायला ती मोठीच सोय.

पण पैसा जमला म्हणून काच होत नाही. हातात कसब असलेला माणूस लागतो. तो मिळाला ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या रूपाने. हे उत्तर हिंदुस्थानातले. जपानला जाऊन काचविद्या शिकले, पुढे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकले, आणि ते सगळं शिक्षण घेऊन तळेगावी आले. पैसा फंडाची खरी दूरदृष्टी मला इथेच दिसते. कारखान्याला फंडाने शाळाही मानलं. मुलांनी भट्टीसमोर उभं राहून शिकायचं आणि आपापल्या मुलखात जाऊन भट्ट्या लावायच्या.

आणि ही विद्या उभ्यानेच शिकावी लागते. वाळू, सोडा आणि चुना मुशीत वितळवतात. नुसती वाळू वितळवायला सतराशे अंशांच्या आसपास उष्णता लागेल. सोड्यामुळे ती बरीच खाली येते, आणि चुन्यामुळे तयार काच पाण्यात विरघळत नाही. वाळूत लोहाचा अंश असला की काच हिरवट उतरते, म्हणून वाळू निवडणाऱ्याची नजर आधी तयार व्हावी लागते.

कंदिलाची काच फुंकणारा कारागीर लांब लोखंडी नळीचं टोक मुशीत बुडवतो आणि फिरवत फिरवत रस उचलतो. तो मधासारखा ओघळतो, म्हणून नळी क्षणभरही थांबवून चालत नाही. थांबली की गोळा एका अंगाला लोंबलाच. लोखंडी पाट्यावर घोळवून त्याला आकार द्यायचा, हलकी फुंकर घालून आत पोकळी करायची, मग साच्यात सोडून नळी फिरवत पुन्हा फुंकायचं. फुंकर जास्त झाली तर भिंत पातळ पडते, कमी झाली तर साचा भरत नाही. जोर छातीचा नाही, गालांचा आणि अंदाजाचा. हे सगळं काही सेकंदांत, कारण तेवढ्यात काच घट्ट होऊ लागते.

तयार झालेली काच लगेच उघड्यावर ठेवली तर तडकते. वरचा थर आधी निवतो, आतला मागे राहतो आणि दोघांत ताण धरतो. म्हणून तिला वेगळ्या भट्टीत ठेवून सावकाश निववतात. दिवा पेटल्यावर ती टिकणार की नाही, ते इथेच ठरतं.

वार्ष्णेय पुढे उत्तरेकडे परतले आणि त्यांनी बहजोईला यू. पी. ग्लास वर्क्स उभारलं. तळेगावात शिकलेले कारागीरही देशात ठिकठिकाणच्या कारखान्यांत पोहोचले. इकडे महाराष्ट्रात १९१६ साली ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ ओगले ग्लास वर्क्स काढलं, आणि त्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी गेला. तळेगावने किती माल विकला, यापेक्षा किती हात तयार केले, यावरच त्याचं मोल करावं असं माझं ठाम मत आहे.

लोणावळा-खंडाळ्याला आज हजारो लोक हौसेने येतात. तिथून जवळच्याच तळेगावात ही काचविद्या रुजली, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. तळेगावच्या भट्टीवर ज्यांचे आजोबा-पणजोबा राबले, अशी घरं मावळात असतील. त्यांना एकच विनंती : माळ्यावर एखादी जुनी नळी, साचा, फोटो किंवा पगाराची चिठ्ठी असेल तर भंगारात घालू नका. त्या माणसाचं नाव आणि काम एका वहीत लिहा, आणि ती वही गावच्या वाचनालयात नेऊन द्या.