ओव्यांची सीडी करताना जात्याची घरघर पुसू नका

गावात पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले आणि ओव्याही थांबल्या. गाणाऱ्या बाया आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी हे वेळीच ओळखले. त्यांच्या गटाने गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या उतरवून घेतल्या. १९९० च्या दशकात बर्नार बेल यांनी त्यातल्या पुष्कळशा ध्वनिमुद्रितही केल्या. २०१७ पासून हा ठेवा 'पारी' या संकेतस्थळावर येत गेला. पण प्रत्येक घरापर्यंत कोण पोचणार? आपल्या गावचे काम आपणच केले पाहिजे.

पुण्यात कसबा पेठेत राहणाऱ्या, मूळ मुळशीकडच्या एका कुटुंबाकडे आजींच्या ओव्यांच्या तीन कॅसेटी निघाल्या. काही ओव्या नातवाच्या मोबाईलवर होत्या. आजींना पेनड्राइव्ह जमत नाही, सीडी प्लेअर मात्र घरात चालू आहे. म्हणून सीडीच करायचे ठरले.

कॅसेट प्लेअरच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून संगणकाच्या लाइन-इनला जोडावी. 'ऑडॅसिटी' हा प्रोग्राम फुकट मिळतो. रेकॉर्डिंग वेव्ह फाईलमध्ये, ४४,१०० हर्ट्झ आणि १६ बिटवर ठेवावे. ऑडिओ सीडीचे मापच ते आहे. मूळ फाईल तशीच ठेवून कापाकापी नकलेवर करावी. बियाणं वेगळं राखतो ना, तसंच हे.

फितीची सरसर कमी करता येते. नुसती सरसर असलेला तुकडा प्रोग्रामला दाखवला की बाकीच्या आवाजातून तो ती काढतो. इथे मात्र हात आखडता घ्यावा. नातवाने पहिल्या खेपेला जात्याची घरघरही पुसून टाकली. आजींनी ऐकलं आणि विचारलं, ह्यात जातं कुठंय? बरोबरच आहे. ओवीची लय त्या घरघरीवरच चालते. ती काढली की गाणं अधांतरी लोंबकळतं. खोकला, भांड्याचा आवाज खुशाल कापा, पण घरघर राहू द्या. मग सगळ्या तुकड्यांचा आवाज सारख्या उंचीवर आणावा, नाहीतर कॅसेटवरची ओवी बारीक आणि मोबाईलवरची कानठळ्या बसवणारी, असं होतं.

तीन कॅसेटी म्हणजे तीन तास, आणि सीडीत मावतात ८० मिनिटे. निवड करावीच लागते. माहेर, भाऊ, सीता, विठ्ठल असे गट पाडले तर सोपे जाते. कुठल्या ओव्या घ्यायच्या ते गाणारीलाच विचारावे.

नव्या लॅपटॉपला सीडीचा कप्पा नसतो. यूएसबीवर चालणारा वेगळा रायटर लागतो. कोरी सीडी-आर घ्यावी. प्रोग्राममध्ये 'ऑडिओ सीडी' निवडावे. 'डेटा' निवडले तर जुना प्लेअर ती वाजवेलच असे नाही. शेवटी सीडी 'फायनलाइज' करायला विसरू नये.

सीडी उन्हात ठेवू नका, ती खराब होते. मूळ फायली दोन ठिकाणी ठेवा, एक प्रत गावाबाहेर. कव्हरवर गाणारीचे नाव, गाव आणि तारीख लिहा. जादा प्रती वाटायच्या तर आधी तिची परवानगी घ्या. पहिली सीडी तिच्याच प्लेअरवर लावून बघा.