बंदी आधी, अभ्यास नंतर

आता आपण राजस्थानातल्या भरतपूरचं उदाहरण घेऊ. तिथल्या केवलादेव पाणथळीत १९८२ साली गुरं चारायला बंदी झाली. म्हशी गेल्या की पक्ष्यांचं भलं होईल, असं वनखात्याला वाटलं, पक्षितज्ज्ञांनाही वाटलं. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर गोळीबार झाला, माणसं मेली.

पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासात उलटंच दिसलं. म्हशी जे खात होत्या ते पास्पॅलम गवत माजलं, उघडं पाणी झाकलं गेलं आणि पाणपक्ष्यांचीच अडचण झाली.

तत्त्वज्ञानात आपण विचारतो, ‘हे कशावरून?’ वैज्ञानिकाने आणि वनाधिकाऱ्याने हेच एकमेकांना विचारायला हवं, दोघांनी मिळून गुराख्यालाही. पण हुकूम निघण्याआधी.