पत्ता एक, नजरा पाच

टॅरोचा जोड ७८ पत्त्यांचा: २२ मोठे, ५६ लहान. पंधराव्या शतकातल्या इटलीत हा साधा डावच होता. भविष्य सांगणं त्याला अठराव्या शतकात चिकटलं. आज बहुतेकदा दिसणारी चित्रं पामेला कोलमन स्मिथ हिची, १९०९ची.

एखाद्या मराठी घरी चार-पाच जणींनी बसून पाहावं, भविष्यासाठी नव्हे, बोलण्यासाठी. मधोमध एकच पत्ता ठेवायचा. समजा, एकांतवासी निघाला: बर्फावर उभा म्हातारा, एका हातात काठी, दुसऱ्यात कंदील. दोन मिनिटं गप्प. मग अर्थ नाही, फक्त दिसतं ते सांगायचं. कुणाला त्याचं एकटेपण दिसेल, कुणाला मागच्यांसाठी धरलेला उजेड. पुस्तकातला अर्थ सर्वांत शेवटी. आधी उघडला की बोलणं आटतं, असं मला ठामपणे वाटतं. कुणाच्या आजारपणाचा किंवा लग्नाचा निकाल पत्त्यावर लावू नये.

सावंतवाडीची दशावतारी गंजिफा मिळाली तर तीही मांडावी. १२० गोल, हाताने रंगवलेले पत्ते, प्रत्येक अवताराचे बारा. मत्स्य किंवा वामन समोर आला की आजीपाशीही सांगायला गोष्ट असते.