आनंदाची रोजकीर्द

बारामतीहून इंदापूरकडे जाताना सणसरच्या शिवारात दुतर्फा ऊस दिसतो. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर हा परिसर फुलला आणि गावालगत भवानीनगरला श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना उभा राहिला. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावला की तुटेपर्यंत १६ ते १८ महिने जातात. त्यामुळे इथल्या संसाराचे गणित उसाच्या बिलाशी बांधले गेले आहे. घराची डागडुजी, मुलीचे लग्न, सोसायटीचे कर्ज, सारे ‘बिल निघाले की’ या तीन शब्दांवर थांबते. शेतकऱ्याचे बिल लांबले की दुकानदाराची वसुलीही लांबते. म्हणून व्यापार करणारी जैन कुटुंबेही याच वेळापत्रकाने जगतात.

पैशाचे हे वेळापत्रक टाळता येत नाही. चिंतेची बाब निराळीच आहे. हळूहळू मनही तेच वळण घेते. प्रकृतीकडे लक्ष देणे, मुलांशी निवांत बोलणे, चार पाने वाचणे, भावाशी आलेला दुरावा मिटवणे, या गोष्टीही ‘एकदा मोकळे झालो की’ म्हणून पुढे ढकलल्या जातात. परंतु एका उसाचे बिल हाती येते तेव्हा दुसऱ्या उसाची लागण झालेली असते. मोकळे होण्याचा दिवस उगवत नाही आणि तोवर मुले मोठी होऊन पुण्याला निघून गेलेली असतात.

रोजचा मेळ

बँकेतील रोकड ज्या त्या दिवशीच जुळवावी लागते. फरक आजचा असेल तर तो अर्ध्या तासात सापडतो. महिनाभर साचला तर शोधणे कठीण होते. व्यापाऱ्याची रोजकीर्द याच तत्त्वावर चालते.

प्रतिक्रमणाची रचना पाहिली तर हीच दृष्टी दिसते. रात्रिक, दैवसिक, पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक असे त्याचे पाच प्रकार आहेत. रात्रीच्या दोषांचा हिशेब पहाटे, दिवसाचा सायंकाळी. मग पंधरवड्याचा, चार महिन्यांचा आणि शेवटी वर्षाचा. आज सांवत्सरिक प्रतिक्रमणाला उपाश्रयात जागा पुरत नाही. दैवसिकाला मात्र मोजकेच श्रावक असतात. वर्षातून एकदा सर्वांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणणे चांगलेच. पण सकाळी सुनेला लागलेला शब्द त्याच संध्याकाळी मागे घेतला, तर तो वर्षभर घरात सलत राहत नाही. वाटणीवरून दुरावलेल्या अनेक घरांत मूळ कारण लहानच असते. ते त्या दिवशी न मिटल्यामुळे मोठे होते.

मर्यादेतले समाधान

श्रावकाच्या बारा व्रतांत पाच अणुव्रते, तीन गुणव्रते आणि चार शिक्षाव्रते येतात. येथे शिक्षा याचा अर्थ दंड नव्हे, तर अभ्यास किंवा सराव. सामायिक हे त्यांपैकीच एक. दोन घटिका म्हणजे ४८ मिनिटे एका आसनावर समभावात बसायचे असते. मोबाइल दूर ठेवून ४८ मिनिटे स्वतःसोबत बसणे आज अनेकांना उपवासाहून अवघड जाते. ज्यांना एवढे साधत नाही त्यांनी दहा मिनिटांच्या स्वाध्यायाने आरंभ करावा. दिगंबर परंपरेने गृहस्थासाठी सांगितलेल्या देवपूजा, गुरूपास्ती, स्वाध्याय, संयम, तप आणि दान या सहा नित्यकर्मांतही स्वाध्यायाला स्थान आहेच.

चौदा नियमांची प्रथाही अशीच व्यवहारी आहे. आज किती पदार्थ खायचे, किती वस्त्रे वापरायची, किती वाहने, कोणत्या दिशेला कुठवर जायचे, हे सकाळी ठरवायचे आणि सायंकाळी आठवून मेळ घालायचा. ही मर्यादा कोणी लादलेली नसते; आपली आपणच घेतलेली असते. चार पदार्थ ठरवून तीन खाल्ले, तर संध्याकाळी शिल्लक निघते. बाजारभाव किंवा पाऊस यांवर आपली सत्ता चालत नाही. पण या छोट्या शिलकीवर चालते. तिचे समाधान त्याच दिवशी मिळते.

किती दिवस लागतात?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास केला. एखादी साधी कृती रोज ठरल्या प्रसंगी केली, तर ती अंगवळणी पडण्यास साधारणपणे ६६ दिवस लागतात, असे त्यात आढळले. व्यक्ती आणि कृतीनुसार हा काळ १८ ते २५४ दिवस इतका बदलत होता. एखादा दिवस चुकल्याने फारसे नुकसान झाले नाही, हे त्यातील दिलासादायक निरीक्षण.

चातुर्मास चार महिन्यांचा असतो. एक नियम मुरण्यास हा अवधी बहुतेकांना पुरेसा ठरावा. त्याच्या तोंडावरच, आषाढीच्या वाटेवर, संत तुकाराम महाराजांचा पालखी सोहळा काटेवाडीचे मेंढ्यांचे रिंगण आटोपून सणसरला मुक्कामी येतो आणि पुढे बेलवाडीच्या गोल रिंगणाकडे निघतो. ऊन असो वा पाऊस, वारकऱ्याच्या दिवसाचा क्रम बदलत नाही. चाल, भजन, हरिपाठ आणि मुक्काम. देहूपासून पंढरपूरपर्यंतचे अंतर तो रोजच्या टप्प्यांनीच कापतो.

येत्या चातुर्मासात घरातील प्रत्येकाने एकच नियम घ्यावा आणि तो रोजच्या ठरलेल्या कामाशी जोडावा. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी नवकारशी पारणे, दुकान उघडताना दानपेटीत एक नाणे टाकणे, आठवड्यातून निदान दोनदा सूर्यास्तापूर्वी सर्वांनी एकत्र जेवणे, झोपण्यापूर्वी दिवसभरात दुखावलेल्या माणसाची क्षमा मागणे. यांपैकी काहीही चालेल. भिंतीवरील कालनिर्णयावर रोज एक खूण करावी. एखादी खूण राहिली तर खेद न करता दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करावी. कार्तिकी चतुर्दशीला चातुर्मास संपतो तेव्हा गळीत हंगामाची लगबग सुरू झालेली असते. उसाच्या बिलाचे काय व्हायचे ते होवो. कालनिर्णयावरील खुणा मात्र तोवर हाती आलेल्या असतील.