कचेरींतला शेतकरी

पावसाळ्यांत कर्जतहून मुंबईस जाणाऱ्या सकाळच्या आगगाडींत, नेरळ सुटून शेलू येईतों, खिडकीपाशीं बसलेल्या कारकुनाचें लक्ष वर्तमानपत्रांत सहसा नसतें. बाहेर भाताचीं हिरवीं खाचरें, आणि मनांत गोठा, दोन गाई, आंब्याची सावली! या मनोराज्यांत चिखल मात्र आम्हांस कधीं आढळला नाहीं. उन्हाळ्यांत शेण, पालापाचोळा व फांद्या पसरून राब भाजावयाचा, मृगांत त्यांत बीं पेरावयाचें, आषाढांत पावसांत ओणवें राहून लावणी करावयाची. स्वप्नांत हें सारें दुसराच कोणी करीत असतो.

कित्येकांच्या घरीं पूर्वीं शेती होतीही. पण ती कुळांकडे. घरीं येई तो तांदूळ. 1948 च्या कुळकायद्यान्वयें 1 एप्रिल 1957 या कृषक दिनीं कसणारीं कुळें बहुतेक ठिकाणीं मालक झालीं. तें न्याय्यच झालें असें आमचें मत आहे. जुन्या घरांतून अद्याप कुरकुर ऐकूं येते ती निराळी. त्याच कायद्याच्या 63 व्या कलमाप्रमाणें, जो शेतकरी नाहीं त्यास सामान्यतः सरकारी परवानगीवांचून शेतजमीन घेतां येत नाहीं. ज्यांनीं कधीं नांगर धरिला नाहीं त्या आजोबांचा नातू आज सातबारा शोधीत फिरतो तो यामुळें.

ज्यास खरी हौस असेल त्यानें जुलैंतील एका रविवारीं शेलूस उतरावें, एखाद्या शेतकऱ्यास विनवून दिवसभर लावणीस लागावें, आणि सोमवारीं कचेरींत खुर्चीवर टेकतांना कंबर काय म्हणते तें आम्हांस कळवावें.